लाल चड्डीवाल्यावर झालेला अन्याय

चहा घेत घेत ऐका, घाई नाही. ही फजिती मी स्वतःच सांगितलेली बरी, कारण मिलिंद सांगतो तेव्हा भरपूर तिखटमीठ लावतो, आणि माझीच मुलगी त्याला म्हणते, "काका, ते पार्किंगमधलं परत सांगा ना."

मी दिनकर. मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो, राहायला शहापूरला. मिलिंद माझा लहानपणापासूनचा मित्र. तो कसाऱ्याला रेल्वेत आहे आणि शहापुरात माझ्या मागच्याच गल्लीत राहतो. आम्ही दोघं एकाच गावचे, म्हसा गावाच्या थोडं अलीकडचे. आमची भातशेती, त्याचं घर बौद्धवाडीत, आणि दोघांचा वेळ जायचा सुभेदार काकांच्या अंगणात.

सुभेदार काका फौजेतून निवृत्त होऊन गावी आले होते. त्यांनी भाताच्या तुसानं भरलेलं एक पोतं आंब्याला टांगलं आणि आम्हा पोरांना त्यावर ठोसे मारायला लावलं. ग्लोव्ह्जची जोडी एकच. उजवा मिलिंदकडे, डावा माझ्याकडे. अशा अर्ध्या अर्ध्या तयारीवर आम्ही एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो आणि दोघेही पहिल्याच फेरीत मार खाऊन परत आलो. खेळणं तिथंच संपलं, पण बघण्याचं वेड राहिलं ते राहिलंच.

आता झालं काय, की मध्यंतरी एक जागतिक टायटल फाइट होती. तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ. मी आठवडाभर नानाच्या टपरीवर सांगत होतो, "ही फाइट चुकवू नका." नानाची टपरी म्हणजे एसटी स्टँडजवळची आमची बसायची जागा. तिथं मला बॉक्सिंगमधला जाणकार समजतात. म्हणजे तेव्हा समजायचे.

खरं सांगायचं तर या फाइटमधल्या दोघांनाही मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. हलक्या वजनाचे बॉक्सर, दोघांची दाढी सारखी, दोघांच्या अंगावर गोंदण सारखं. पण हे टपरीवर कबूल कोण करणार?

रविवारी सकाळी फाइट सुरू व्हायच्या वेळेला आमच्या मंदाताईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला मटणाला पाठवलं. रविवारची मटणाची रांग तुम्हाला माहीत आहे. मी पिशवी घेऊन धावत घरी आलो तेव्हा तिसरा राऊंड चालू होता. मुलीची दहावी, ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. सुरुवातीला बॉक्सरांची ओळख करून देतात ती माझी हुकली, आणि इंग्रजी समालोचन काय चाललंय ते ऐकायची सोय नव्हती.

पण मी जाणकार ना. पडद्याच्या खाली एक पट्टी होती. तिच्यात लाल चौकोनापुढे चॅम्पियनचं नाव, निळ्या चौकोनापुढे चॅलेंजरचं. रिंगणात एकाची चड्डी लाल, एकाची निळी. मी म्हटलं, लाल चड्डी चॅम्पियन, निळी चड्डी चॅलेंजर. दोन सेकंदांत निकाल लावला आणि हातात पेन घेऊन कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गुण लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक राऊंड जिंकेल त्याला दहा गुण, हरेल त्याला नऊ. खाली पाडलं तर पडणाऱ्याचा आणखी एक जातो. असे बारा राऊंड. पंच तीन. पहिले दोन राऊंड मी पाहिलेच नव्हते, ते एकेकाला एकेक वाटून टाकले, न्याय म्हणून.

फाइट फार अटीतटीची झाली. सातव्या राऊंडला लाल चड्डीवाल्यानं डाव्या हाताचा असा एक हुक मारला की निळा खाली बसला. पण निळासुद्धा उठून पुढचे दोन राऊंड घेऊन गेला. शेवटची घंटा झाली तेव्हा माझ्या कॅलेंडरवर लाल एकशे पंधरा, निळा एकशे बारा. पंच आपापले कागद देतायत, निवेदक माइक हातात घेतोय, आणि लाइट गेली.

दहा मिनिटांनी मोबाइलवर मिलिंदचा मेसेज आला. "चॅलेंजर जिंकला. दोन पंच इकडं, एक तिकडं. निकाल बरोबर."

माझं डोकंच फिरलं. मी ज्याला चॅम्पियन समजत होतो तो लाल चड्डीवाला जिंकायला हवा होता, आणि इथं चॅम्पियनचा पट्टा नेला चॅलेंजरनं? आणि वर मिलिंद म्हणतो निकाल बरोबर?

संध्याकाळी टपरीवर गेलो तो कॅलेंडरचं पान खिशात घेऊनच. मिलिंद आधीच बसला होता. रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता, फाइट बघून मग झोपला होता.

"लुटला रे त्याला," मी बसायच्या आधीच सुरू केलं. "दिवसाढवळ्या चॅम्पियनला लुटला."

"लुटला नाय," मिलिंद म्हणाला. "जवळची फाइट व्हती, पण चॅलेंजर पुढं व्हता. तुझा चॅम्पियन सातव्याला भुईवर बसला, तिथंच गेली ती."

"चॅम्पियन बसला? तू फाइट बघितलीस का दुसरं काय? खाली बसला तो चॅलेंजर."

"दिन्या, मी डोळ्यानं बघितलं."

"मी पण डोळ्यानंच बघितलं. कानानं नाय बघितलं."

हे मात्र खरं होतं, आवाज बंद होता.

मिलिंद शांतपणे म्हणाला, "चॅम्पियननं पहिल्या पाच राऊंडमध्ये काय केलं सांग. नुसता मागं मागं पळत व्हता."

"पळत होता? अरे, तो पुढं पुढं जात होता. चॅलेंजर पळत होता."

असं अर्धा तास चाललं. तो म्हणायचा चॅम्पियनची उजवी भुवई फुटली, मी म्हणायचो चॅलेंजरची फुटली. टपरीवरची माणसं आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी नानानं चहा ओतता ओतता विचारलं, "सर, तुमचा तो कुठल्या चड्डीतला?"

आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "नाना, बॉक्सिंगमध्ये चड्डी बघत नाहीत, पायांची चाल बघतात."

नाना बिचारा पुढचा ग्लास भरायला लागला. त्या क्षणी मी त्याला नीट उत्तर दिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, आणि मी आज तुमच्यासमोर मान वर करून चहा पीत असतो.

मिलिंद मान हलवून हसला. त्या हसण्यानं माझा तोल गेला. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "पिऊन बघितलीस काय रे फाइट? रात्री ड्युटीवरनंच टाकून आला व्हतास?"

मिलिंदनं अर्धा भरलेला ग्लास बाकावर ठेवला, पैसे दिले आणि निघून गेला.

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. मिलिंदनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पंचशील त्याच्या घरात नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. त्याच्या वडलांनी वाडीतली दोन माणसं दारूपायी गेलेली पाहिली होती, आणि मिलिंदकडून त्यांनी लहानपणीच वचन घेतलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते बोललो. तेही एका चड्डीवरून, पण ते मला त्या वेळी कळलेलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. टपरीवर आला नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवायचा आणि पुढे जायचा. मंदा म्हणाली, "जाऊन माफी मागा." मी म्हणालो, "दारूचं बोललो त्याची मागतो, पण आधी तो खोटं बोलला हे त्याला कळू दे." बघा माणसाचा ताठा किती असतो. त्या फाइटबद्दल इंटरनेटवर वाचायचंसुद्धा मी सोडून दिलं होतं, निषेध म्हणून.

मग मी ठरवलं, सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावायचा. रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पूर्ण फाइट पुन्हा दाखवायची. मी टीव्ही खाली उतरवला, खुर्च्या मांडल्या, टपरीवर जाहीर केलं. मिलिंदला बोलवायचं धाडस नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोला, सुजाता वहिनींना फोन केला.

"भावजी, ते येतील की नाय मला सांगता येणार नाय," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा कोरडा वाटला. "कोण कोण येणार?"

"सुभेदार काका येणार आहेत. ते गुण देतील. त्यांचा शब्द शेवटचा."

हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग येतील."

सुभेदार काका आता ऐंशीच्या पुढे गेलेले. रविवारी पहाटे मी मोटारसायकलवरून गावी गेलो आणि त्यांना मागे बसवून आणलं. वाटेत मी त्यांना चॅम्पियनवर कसा अन्याय झाला ते समजावत होतो. गावापासून मुरबाडपर्यंत आणि मुरबाडपासून शहापूरपर्यंत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "दिनकर, पुढं बघून चालव."

दहा वाजता पार्किंग भरलं. टपरीवरची सगळी मंडळी आली, नाना चहाची किटली घेऊनच आला. बिल्डिंगमधल्या बायका जिन्यावर बसल्या. मिलिंद आला, वहिनींसोबत सगळ्यांत मागे बसला. त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद दिसत होता. त्यानंही गुण लिहून ठेवले होते.

मी टीव्हीशेजारी उभा राहिलो, हातात फळ्यावर दाखवायची काठी. थोडक्यात प्रस्तावना केली. पंधरा मिनिटांची. पंचांची नजर कशी चुकते, पैसा कसा खेळाची वाट लावतो, आणि शेवटी म्हणालो, "आज तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लाल चड्डीतला हा आपला चॅम्पियन. याच्यावर अन्याय झालाय."

मागून मिलिंदचा आवाज आला. "कुठल्या चड्डीतला?"

"लाल," मी काठी टेकवून म्हणालो, आणि फाइट चालू केली. या वेळी आवाज मोठा ठेवला होता.

निवेदक रिंगणाच्या मधोमध आला. त्या गड्याचं इंग्रजी भारी स्वच्छ, शब्द न् शब्द कळत होता. त्यानं हात पसरून सांगितलं, निळ्या कोपऱ्यात, लाल चड्डी घातलेला, चॅलेंजर. मग दुसरीकडे वळून, लाल कोपऱ्यात, निळी चड्डी घातलेला, जगाचा चॅम्पियन.

मी काठी तशीच लाल चड्डीवर टेकवून उभा होतो.

तीसेक माणसं होती. सगळे आधी टीव्हीकडे, मग माझ्या काठीकडे बघायला लागले. मग जिन्यावरून मंदाचा आवाज आला, "अहो, काठी खाली घ्या." आणि मग जो हशा पिकला, तो रस्त्यापलीकडच्या दुकानदारांना ऐकू गेला. ते काय झालं ते बघायला आले, आणि त्यांना लोकांनी पहिल्यापासून सांगितलं.

चौकोन होता कोपऱ्याचा, आणि मी तो लावला चड्डीला. पंधरा दिवस मी ज्याच्यासाठी भांडलो, तो लाल चड्डीवाला केव्हाच जिंकून पट्टा घेऊन घरी गेला होता. मी आणि मिलिंद एकाच माणसाच्या बाजूचे होतो. तो म्हणत होता, हा जिंकला ते बरोबर झालं. मी म्हणत होतो, हाच जिंकायला हवा होता. आणि यावरून मी त्याला दारुडा म्हणालो होतो.

मला वाटलं मिलिंद उठून निघून जाईल. तो उठला खरा. पण पुढे आला, माझ्या हातातली काठी काढून घेतली, आणि लोकांना म्हणाला, "हसा, हसा. पण असं कुणाचंबी व्हईल. रंगच तसे दिलेत येड्यांनी." मग मला म्हणाला, "बस खाली. काका गावावरनं आलेत, आता पूर्ण बघू."

मी बसलो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तो बसला. त्यानं खिशातला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. चॅलेंजर एकशे पंधरा, चॅम्पियन एकशे बारा. मी माझं कॅलेंडर काढलं. आकडे तेच. मी पहिले दोन राऊंड न बघता वाटले होते, तरी तेच.

सगळी फाइट पाहून झाली. सुभेदार काकांनी बाराही राऊंड वहीत मांडले होते, चष्मा पुसत पुसत. लोक वाट बघत होते. काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "निकाल चुकलाच. निळा जिंकायला पाहिजे व्हता."

"काका, काय बोलता?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"निळ्यानं साफ ठोसे मारले. तुमचा लाल नुसते हातवारे करतोय."

"आणि सातव्याला पाडला तो?" मिलिंद म्हणाला.

"हुक बघा ना काका, तो डाव्या हाताचा," मी म्हणालो.

"एका हुकानं फाइट जिंकत नाय. पोतं मारायला शिकवलं, बघायला शिकवायचं राहून गेलं माझं."

मग मी आणि मिलिंद खांद्याला खांदा लावून काकांशी भांडलो. एक तास. तो राऊंड सांगायचा, मी पुरावा द्यायचो. मध्येच माझ्या लक्षात आलं की पंधरा दिवसांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. काका एक इंचही हलले नाहीत, पण जेवायला मात्र थांबले.

जेवणानंतर मिलिंद काकांना गावी सोडायला गेला. वहिनी मंदाबरोबर भांडी आवरत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, मी टपरीवर जे बोललो त्याची माफी मागायची राहिलीय."

वहिनींनी हात पुसले. "भावजी, तुमाला माहीत नसंल, म्हणून सांगते. तुमी बोललात तेव्हा टपरीवर कसाऱ्याचे दोघं व्हते. दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या कानावर गेलं. ड्युटीवर चढायच्या आधी सगळ्यांना दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लागतं. ह्यांना पंधरा दिवस दोनदा फुंकायला लावतात. एकदा सगळ्यांसोबत, एकदा साहेबांसमोर. पुढच्या महिन्यात बढतीची परीक्षा हाय."

"त्यानं सांगितलं नाही, कोण बोललं ते?"

"साहेबांनी इचारलं. हे म्हणाले, दोस्त हाय, चेष्टेनं बोलला. नाव नाय सांगितलं."

त्या माणसानं पंधरा दिवस माझ्या चुकीपायी मशीनमध्ये फुंकलं, माझं नाव झाकून ठेवलं, आणि सकाळी भरल्या पार्किंगमध्ये माझी काठी हातातून काढून घेतली. असा मित्र मला कशाबद्दल मिळाला, मला अजून कळलेलं नाही. भूगोल शिकवल्याबद्दल तर नक्कीच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली आणि सरळ कसारा गाठला. मिलिंदला सांगितलं नव्हतं. साहेब म्हणजे निवृत्तीला आलेले, शांत, जाड चष्म्याचे गृहस्थ. मी नाव सांगितलं, हात जोडले.

"साहेब, मिलिंदबद्दल दारूचं जे बोलणं तुमच्यापर्यंत आलं, ते मी बोललो होतो. ते खोटं आहे. तो माणूस लग्नातसुद्धा कोकम सरबत घेतो."

"मग तुम्ही असं का म्हणालात?"

"चड्डीमुळे," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला. "बसा," म्हणाले.

मग मी पहिल्यापासून सांगितलं. मटणाची रांग, बंद आवाज, लाल चौकोन, नानाला दिलेलं उत्तर, पार्किंग, काठी. साहेब एकदाही हसले नाहीत. एवढ्यात मिलिंद कसल्यातरी कागदावर सही घ्यायला आत आला आणि मला बघून दारातच थांबला.

साहेब त्याला म्हणाले, "मिलिंद, उद्यापासून सगळ्यांसारखं एकदाच फुंकायचं. आणि झाल्या गोष्टीबद्दल मीच तुझी माफी मागतो. मी सांगोवांगीवर गेलो."

मिलिंदनं मान हलवली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी साहेबांचे आभार मानले, मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठलो.

"सर, एक मिनिट," साहेब म्हणाले. त्यांनी खणातून ते मशीन काढलं, नवी नळी लावली आणि माझ्यापुढे धरलं. "तुम्ही पण फुंका."

मी मिलिंदकडे बघितलं. तो म्हणाला, "फुंक, दिन्या."

मी फुंकलं. साहेबांनी आकडा नीट वाचला, मशीन मिलिंदला दाखवलं, मग मला दाखवलं.

"शून्य," ते म्हणाले. "म्हणजे हे सगळं तुम्ही शुद्धीवर असताना केलंत."